श्रावण दोनदा लागला: दारू आणि कॉफी एकदम बंद, आणि डोकं फुटतंय

सुदामानगरी | शनिवार, 12 जुलै 2025, रात्री 9:50

मंडळी, डोकं ठणकतंय, त्यामुळे शुद्धलेखन सांभाळून घ्या.

इंदूरकरांना सांगायला नको, पण पुण्या-मुंबईकडच्यांसाठी सांगतो. आमच्या गावात श्रावण दोन असतात. शेजारपाजारच्यांचा सावन गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो आणि राखीला संपतो. आपला आषाढ अमावास्येनंतर लागतो आणि पोळ्यापर्यंत चालतो. यंदा त्यांचा 11 जुलैला लागला, आपला 25 ला लागेल.

ऑफिसातले आम्ही चौघे दर शनिवारी बसतो. मी एकटा मराठी. गुरुवारी संध्याकाळी एकानं जाहीर केलं, "कल से सावन, सब बंद." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणालो, मी कॉफीसुद्धा बंद करतो. कोणी विचारलं नव्हतं. घरी सांगितलं तर आई म्हणते, "अरे, अजून आषाढ चालू आहे आपला. आणि कॉफी कशाला सोडलीस? ती उपासाला चालते."

हिशेब खरा सांगतो. शनिवारी तीन, कधी चार पेग. 1 एप्रिल 2023 ला मध्य प्रदेशातले अहाते (दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागा) बंद झाले, तेव्हा आमची बैठक उचलून माझ्या गच्चीवर आली. उरलेली बाटली माझ्याच कपाटात राहू लागली. मग मंगळवारी एक छोटा, गुरुवारी एक छोटा. कॉफीचं म्हणाल तर ऑफिसच्या मशीनची पाच, सॉफ्टवेअरचा रिलीज असेल त्या आठवड्यात सहा.

शुक्रवारी दुपारी बारापासून डोळ्यांच्या मागे कोणी अंगठे दाबून धरल्यासारखं होतंय. जांभया थांबत नाहीत. आज मुलगा कंपासपेटी शोधत होता, त्याच्यावर विनाकारण ओरडलो. ही दारू अंगातून निघतेय का? मेडिकलवाल्यानं दिलेली डोकेदुखीची गोळी घेतली, अर्ध्या तासात स्वर्ग. संध्याकाळी पुन्हा तेच. कोणाला अनुभव?

---

राजवाडा_ते_बडा_गणपती | 12 जुलै, रात्री 10:15

भिया, दारू निघत नाहीये, अक्कल येतेय. तिला जागा लागते, म्हणून डोकं ताणलं जातंय. हलके घ्या.

पण तीन शनिवार नुसतं बसून करणार काय तुम्ही चौघे? सराफ्यात, रात्रीच्या खाऊबाजारात, जाऊन भुट्ट्याचं कीस खा. रात्री बाराला तिथे तुमच्यासारखेच सगळे भेटतील.

---

नाडीपरीक्षा | 12 जुलै, रात्री 11:05

मी फिजिशियन आहे. हा प्रतिसाद म्हणजे तपासणी नव्हे, एवढं आधी.

सुदामानगरी, तुमच्या डोकेदुखीचा दारूशी संबंध दिसत नाही. ही कॉफी आहे. शेवटचा कप गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आसपास घेतला असणार, बरोबर? कॅफिन बंद केल्यावर 12 ते 24 तासांत डोकं धरतं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी कळस होतो आणि साधारण 2 ते 9 दिवसांत सगळं निवळतं. जांभया, चिडचिड, कामात लक्ष न लागणं, हे सगळं त्याच पोतडीतलं. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या 2013 च्या वर्गीकरणात या त्रासाची रीतसर नोंद आहे. तेव्हा नाटक करताय असं कोणी म्हणालं तर ऐकू नका.

कारण असं. दिवसभरात मेंदूत ॲडेनोसिन नावाचं रसायन साचत जातं आणि ते आपल्याला सांगतं की आता दमलास. कॅफिन त्याच्या खुर्चीवर जाऊन बसतं, म्हणून निरोप पोचत नाही. रोज पाच कप झाले की मेंदू खुर्च्याच वाढवतो. मग एक दिवस कॅफिन आलंच नाही की वाढवलेल्या सगळ्या खुर्च्यांवर ॲडेनोसिन बसतं, डोक्यातल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि ठणका सुरू होतो.

आता ती गोळी. पाकिटामागे घटक वाचा. डोकेदुखीच्या बऱ्याच गोळ्यांत कॅफिन असतं.

---

सुदामानगरी | 12 जुलै, रात्री 11:20

वाचलं. आहे. 50 मिलिग्रॅम.

म्हणजे दोन दिवस मी कॉफी चावून खात होतो.

---

मांडवीकर | रविवार, 13 जुलै, सकाळी 8:30

वडोदऱ्याहून नमस्कार. आमच्याकडे 1960 ला राज्य झालं तेव्हापासून कायद्यानंच श्रावण आहे. भाद्रपद येतच नाही. परमिटवाले सोडून बाकीचे काय करतात ते मी इथे लिहिणार नाही.

पण एक निरीक्षण नोंदवतो. माझी बदली दोन वर्षं इंदूरला होती. तेव्हा मी जास्त प्यायलो ते दारू मिळत होती म्हणून नव्हे, संध्याकाळी सातनंतर ओळखीचं कोणी नव्हतं म्हणून. वडोदऱ्यात सातला मांडवीपाशी चहावर पाच टाळकी असतातच. तुमच्या चौघांचा शनिवार गेला तर त्या जागी काय ठेवणार, ते आधी ठरवा. राजवाडावाले थट्टेत बोलले, पण मुद्दा तोच आहे.

---

महूकर_निवृत्त | 13 जुलै, सकाळी 11:40

तीस वर्षं कॅन्टीनची रम प्यायली, त्या अधिकारानं बोलतो. हे महिनाभराचे संकल्प मला पटत नाहीत. गटारीला टाकी फुल्ल करायची, महिनाभर दिवस मोजायचे आणि संपल्यावर थकबाकी व्याजासकट वसूल करायची. माझ्या ओळखीचे एक गृहस्थ श्रावण कडक पाळतात आणि गणपती विसर्जनाच्या रात्री त्यांना उचलून आणावं लागतं. सोडायची तर सोडा, नाहीतर मोजकी घ्या. मधल्यामध्ये देवाला कशाला जामीन ठेवता?

---

नाडीपरीक्षा | 13 जुलै, दुपारी 1:10

महूकर काका, थकबाकीचा मुद्दा खरा आहे. तरी महिन्याला मी कमी लेखणार नाही. 60 मिलिलिटरचा एक पेग, 42.8 टक्क्यांचा, म्हणजे साधारण 20 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आणि 140 कॅलरी. त्यात सोडा, थंडपेय, चकणा धरलेला नाही. सुदामानगरींचा आठवडा पाच-सहा पेगांचा. यकृतावर नुसती चरबी चढली असेल तर पूर्ण बंद केल्यावर काही आठवड्यांत ती उतरू लागते. रक्तातलं जीजीटी, म्हणजे यकृताचं एक एन्झाइम, तेवढ्यात खाली येताना दिसतं. सुदामानगरी, उद्याच जीजीटी, एसजीपीटी (हेही यकृताचंच) आणि ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) करून घ्या, मग महिन्यानं पुन्हा. आकडा समोर असला की देवाचा जामीन लागत नाही.

---

ओसरी | सोमवार, 14 जुलै, रात्री 12:25

नेहमी वाचते, लिहीत नाही. हा धागा माझ्या यजमानांना दाखवला. ते म्हणाले, मीपण करतो, 25 पासून, एकदम बंद. मला आनंद व्हायला हवा, पण भीती वाटतेय. ते रोज घेतात, बारा-तेरा वर्षं झाली. आधी क्वार्टर होती, आता अर्धी बाटली. सकाळी चहाचा कप धरताना हात कापतो. मागच्या वर्षी सासऱ्यांच्या दहाव्याला दोन दिवस घेतली नव्हती, तेव्हा रात्री घामानं गादी भिजली आणि भिंतीवर मुंग्या चालताहेत म्हणून उठून बसले होते. भिंतीवर काही नव्हतं. हे कॉफीच्या डोकेदुखीसारखंच असतं का?

---

नाडीपरीक्षा | 14 जुलै, सकाळी 6:50

ओसरीताई, नाही. अजिबात नाही. बाकी सगळ्यांनी हा प्रतिसाद वाचावा.

रोज भरपूर पिणाऱ्यानं घरच्या घरी एका झटक्यात दारू थांबवणं जिवावर बेतू शकतं. पहिल्या दिवसातच हात कापणं, घाम, धडधड, उलट्या सुरू होतात. दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भ्रम: नसलेले किडे दिसणं, माणसं न ओळखणं, ताप. तुम्ही सांगितलेल्या मुंग्या याच वाटेवरच्या आहेत. एकदा असं झालेल्याला पुढच्या वेळी जास्त जोरात होण्याचा संभव असतो.

याचा अर्थ सोडू नये असा नाही. सोडावीच, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. चार-सहा दिवस उतरत्या मात्रेत औषधं देतात, बी-1 म्हणजे थायमिनची इंजेक्शनं देतात, आणि बहुतेकांना सुखरूप पार करता येतं. 25 ची वाट पाहू नका आणि स्वतःहून बंदही करू देऊ नका. आधी मानसोपचार विभाग असलेलं रुग्णालय गाठा. 14446 ही व्यसनमुक्तीची सरकारी हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत. फोन तुम्ही करा, त्यांच्यावर सोपवू नका. फिट आली किंवा बरळू लागले तर फोनाफोनीत वेळ न घालवता सरळ इमर्जन्सीत न्या.

---

महूकर_निवृत्त | 14 जुलै, सकाळी 9:05

ओसरीताई, गाडी-माणूस लागलं तर व्यक्तिगत निरोप करा. महूहून पाऊण-एक तासात पोचतो.

माझा कालचा "सोडायची तर सोडा" हा सल्ला मागे घेतो.

---

डेक्कनचा_बोका | 14 जुलै, दुपारी 4:30

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). विनोद केला होता, वरचं वाचल्यावर नको वाटला.

---

सुदामानगरी | शुक्रवार, 18 जुलै, रात्री 10:00

आठवा दिवस. डोकं मंगळवारी थांबलं. बुधवारी सकाळी उठलो तेव्हा खोलीत काहीतरी कमी आहे असं वाटलं; ठणका नव्हता, तेच ते.

चहाचा प्रश्न निघाला. ऑफिसातले म्हणतात चहा चालतो. नाडीपरीक्षा, तुमचं मत?

मशीनबद्दल मात्र एक उमगलं. मला कॉफी हवी असते असं मी धरून चाललो होतो. आठवडाभर स्वतःकडे पाहिलं. बग सापडला नाही की मी उठतो. मशीनपाशी जातो, बटण दाबतो, आत दळणाचा आवाज येतो, दुधाची फुस्स होते, तेवढी चाळीस सेकंदं मला कोणी काही विचारत नाही. कप हातात आला की पुन्हा जागेवर. परवा बटण न दाबता मशीनपाशी नुसता उभा राहिलो, तर हाउसकीपिंगच्या काकांनी विचारलं, "खराब है क्या?"

---

नाडीपरीक्षा | 18 जुलै, रात्री 10:40

घरच्या चहात कपाला ढोबळमानानं 30 ते 50 मिलिग्रॅम कॅफिन, फिल्टर कॉफीच्या मोठ्या कपात त्याच्या दुप्पट. चालेल, पण दुपारी दोनच्या आत. कॅफिन निम्मं उतरायला सरासरी पाच तास लागतात. संध्याकाळी पाचला घेतलेला कप रात्री दहाला अर्धा अंगातच असतो.

आणि आता एक विचारते. रात्री कॉफी उतरत नाही म्हणून झोपायला एक छोटा, आणि त्या छोट्यानं झोप मोडली म्हणून सकाळी मोठी कॉफी, असं चाललं होतं का?

---

सुदामानगरी | 18 जुलै, रात्री 10:55

हो.

हे मी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. मंगळवार-गुरुवारचा छोटा मित्रांसाठी नव्हताच. अकराला डोळे टक्क उघडे असायचे म्हणून होता. लगेच झोप यायची, आणि पहाटे तीनला जाग. दोन वर्षं मी तीन वाजता पंखा बघतोय. आई म्हणायची पित्त आहे, धने-जिऱ्याचं पाणी घे. तेही घेतलं.

---

नाडीपरीक्षा | 18 जुलै, रात्री 11:10

दारू पूर्वार्धात गाढ झोपवते आणि उत्तरार्धात वसुली करते. स्वप्नांची झोप दाबली जाते, ती सुटली की जाग. आता काही दिवस भन्नाट स्वप्नं पडतील, घाबरू नका. दोन्ही एकदम सोडायचा तुमचा मूर्खपणा तुम्हाला फळला असं दिसतंय. इतरांना मात्र मी सांगेन की कॉफी आठवड्याभरात एकेक कप कमी करत उतरवा, डोकं वाचतं.

रक्त तपासलं का?

---

सुदामानगरी | 18 जुलै, रात्री 11:12

करतो.

---

राजवाडा_ते_बडा_गणपती | गुरुवार, 24 जुलै, रात्री 11:50

आज आपली गटारी. दिवे लावून झाल्यावर आमच्याकडे मंडळी जमली होती. सुदामानगरी, तुम्ही कुठे होतात? सगळी मराठी जनता आज पिणार आणि तुम्ही 14 दिवसांचे संत.

---

सुदामानगरी | शुक्रवार, 25 जुलै, सकाळी 7:40

चुलतभावाकडे होतो, लोकमान्य नगरात. आठ जण. वहिनीनं दिव्यांची आरास केली होती, कणकेचे गोड दिवे केले होते, आणि आतल्या खोलीत आमचं गटार. मी सोडा-लिंबू घेतलं.

पहिला अर्धा तास वाईट गेला. भावानं पितळी चिमट्यानं माझ्या ग्लासात बर्फ टाकला. तो टण्ण आवाज आला आणि माझा हात आपसूक बाटलीकडे गेला. बाटली उचलली, झाकण फिरवलं, शेजारच्याच्या ग्लासात ओतली. कोणाला काही कळलं नाही, म्हणजे मला वाचवायला कोणी नव्हतं आणि पाडायलाही. नंतर सोपं झालं. दहाच्या पुढे सगळे तेच किस्से तिसऱ्यांदा सांगायला लागले. मी दोनदा हसलो, तिसऱ्यांदा चप्पल शोधली.

फक्त सेव. चकण्याला लवंग सेव होती आणि हातांना काम नव्हतं. अर्धा किलोचं पाकीट मी एकट्यानं संपवलं असेन. दारू सोडून वजन उतरतं म्हणतात, माझं तसूभर हललेलं नाही. यात इंदूरचा दोष आहे. इथे पोह्यांवरही सेव पडते.

---

डेक्कनचा_बोका | 25 जुलै, सकाळी 10:20

सेवेऐवजी तुमच्या छप्पन दुकानला, त्या खाऊगल्लीत, जाऊन शिकंजी पीत जा की. लिंबूपाणीच ते, हलकं.

---

राजवाडा_ते_बडा_गणपती | 25 जुलै, सकाळी 10:24

पुणेकर सापडला! अहो, इंदुरी शिकंजीत लिंबाचा थेंब नसतो. आटवलेलं दूध, सुकामेवा, केशर. एक ग्लास प्यायला की जेवण रद्द. हा माणूस मरेल.

---

ओसरी | शनिवार, 2 ऑगस्ट, दुपारी 3:15

थोडक्यात लिहिते. 16 तारखेला दाखल केलं. दुसऱ्या रात्री त्रास झाला, मला ओळखलं नाही, नर्सला मोठ्या बहिणीच्या नावानं हाक मारत होते. पण तिथे होतो म्हणून निभावलं. सहा दिवसांनी घरी आलो. आता गोळ्या आहेत आणि दर बुधवारी जायचं असतं. हात कापत नाही. काल देवासमोर निरांजन त्यांनी लावलं, काडी विझली नाही.

महूकर काकांचे आभार मानायचे कसे ते मला कळत नाही. ते चार रात्री बाहेरच्या बाकावर बसून होते.

---

महूकर_निवृत्त | 2 ऑगस्ट, दुपारी 4:00

बाक चांगला होता.

---

सुदामानगरी | रविवार, 10 ऑगस्ट, सकाळी 9:30

काल राखी. तिघांचा सावन संपला आणि रात्री माझ्याच गच्चीवर त्यांनी सुटका साजरी केली. "तेरा भी हो गया ना?" मी म्हणालो, आमचा 23 पर्यंत आहे. एकानं मोबाइलवर पंचांग काढून खात्री केली, मग मला म्हणाला, "तुम लोगों का कैलेंडर ही गलत है." नर्मदेच्या दक्षिणेकडे सगळं उलटं असतं, असं त्याचं मत पडलं. मी उत्तरेतच राहतो, हे त्याला पटेना.

या वेळी त्यांना जाताना बाटली बरोबर न्यायला लावली. माझ्या कपाटात आता फक्त आईचे लोणच्याचे सट आहेत.

झोप: सलग. तीनचा पंखा बरेच दिवस पाहिला नाही. स्वप्नं खरोखर भन्नाट. परवा दहावीच्या गणिताच्या पेपरला मी अहिल्यादेवींच्या दरबारात बसलो होतो.

---

नाडीपरीक्षा | 10 ऑगस्ट, सकाळी 10:00

रक्त?

---

सुदामानगरी | 10 ऑगस्ट, सकाळी 10:02

उद्या नक्की.

---

सुदामानगरी | सोमवार, 25 ऑगस्ट, रात्री 9:15

शनिवारी आपला श्रावण संपला. 11 जुलैपासून 44 दिवस. रक्त शेवटी परवा दिलं, सगळे आकडे नॉर्मलमध्ये आहेत. नाडीपरीक्षा, आधीचे नाहीत म्हणून तुलना करता येत नाही, माहीत आहे, ओरडू नका.

काल आईनं कॉफी केली. आमच्याकडची जुनी पद्धत: दूध आटवून, साखर आणि कॉफी त्यातच उकळून, वर जायफळ. लहानपणी हरतालिकेच्या जागरणाला बायकांसाठी पातेलंभर होत असे. अर्धा कप दुपारी चारला घेतली. छातीत ढोल, रात्री एकपर्यंत जागा. आधी मी याच्या दसपट पीत होतो.

दारूचं असं झालंय की 27 ला घरी गणपती बसतोय, 6 सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. तोवर प्रश्नच नाही, म्हणजे 58 दिवस.

---

राजवाडा_ते_बडा_गणपती | 25 ऑगस्ट, रात्री 9:30

पुढचं मी बघून ठेवलंय. विसर्जन झालं की लगेच पितृपक्ष. 22 सप्टेंबरला घटस्थापना. दसऱ्याला सोडाल म्हणाल, तर यंदा दसरा 2 ऑक्टोबरला. गांधी जयंती. ड्राय डे.

भिया, तुम्हाला कोणी वाली नाही.

---

मांडवीकर | 25 ऑगस्ट, रात्री 9:50

वडोदऱ्यात स्वागत आहे.

---

सुदामानगरी | रविवार, 5 ऑक्टोबर, पहाटे 3:20

काल बसलो. दोन पेग, मोठे नाहीत. चव ठीक. गप्पा छान झाल्या, अकराला सगळे गेले, मी गाढ झोपलो.

आणि आता तीन वीस. पंखा तोच आहे. खाली कुत्रा एका रिकाम्या पिशवीशी भांडतोय. ही वेळ कशी दिसते ते विसरलोच होतो.

---

ओसरी | 5 ऑक्टोबर, सकाळी 6:40

आमच्याकडे संध्याकाळी सातची वेळ अजून अवघड जाते, तेव्हा हे काहीतरी गरम मागतात. तुमच्या आईंची कॉफी करून बघावी म्हणते, अगदी पातळ. डॉक्टरांना विचारलं, चालेल म्हणाले. जायफळ किती घालतात?

---

सुदामानगरी | 5 ऑक्टोबर, सकाळी 8:10

आईला विचारून सांगतो.

विचारलं. कपाला सहाणेवर दोन वळसे, त्याहून जास्त नको, सुस्ती येते. आणि उकळताना घालायचं नाही, खाली उतरवल्यावर.